डबीत भरलेला हात

आमच्या पार्टीत गिटारवाले दोघं होतो, मी आणि माझा मामा. आता एकटा मी आहे, आणि ते माझ्यामुळं झालं. कुणी ढकलून नाही, शुद्धीत, महिनाभर विचार करून केलं. आठवलं की माझी मलाच किळस येते.

मी तुमसरला एका राइस मिलमध्ये दिवाणजी आहे. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तेव्हा सुट्ट्या काढून खडी गंमतच्या, म्हणजे इकडच्या तमाशाच्या, पार्टीत वाजवतो. भरदुपारी, मंडपात, ढोलकीच्या जोडीला गाणी आणि सवालजबाब. मी वरचे सूर काढायचो आणि मामा खाली हात धरायचा. हात म्हणजे गिटारीचा ठेका. बपेऱ्याचा शेतकरी माणूस, येत होते जेमतेम पाच कॉर्ड, पण तो हात! मी शंभरदा नक्कल केली असेल, मला तो कधी जमला नाही. गिटार मला त्यानंच शिकवली, त्याच्या घरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, बसवून.

मला हौस पेडलबोर्डची. बोर्ड कसला, प्लायवूडचा तुकडा, त्यावर ओळीनं चिकटवलेले, गिटारीचा आवाज बदलणारे तीन पेडल. उजव्या टोकाला चार बोटं जागा रिकामी होती आणि पडलेल्या दातासारखी ती मला सारखी जाणवायची. तिथं लूपर बसवायचा असं मी ठरवलं. लूपर म्हणजे पायानं दाबायच्या बटनाची डबी. बटन दाबून चार ओळी वाजवा, परत दाबा, की डबी तेच ते, तेच ते वाजवत बसते आणि तुम्ही वरून दुसरं काही वाजवायला मोकळे.

आईला सांगितलं, नागपूरहून लूप आणून बसवतो. ती तांदूळ पाखडत होती, सूप तसंच हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. “कोणाले बसवून राहिला रे?” तिच्या काळी सरकारी नर्सबाई गावात येऊन, मूल होऊ नये म्हणून बायांना लूप बसवून जायची, तेच तिच्या डोक्यात. हे गिटारचं आहे, एकदा वाजवलेलंच पुन्हा पुन्हा वाजवतं, असं समजावलं. “मंग हेबी तसंच त झालं,” ती म्हणाली, “नवं काही होऊच देत नाही.” मी हसलो आणि मोबाइल घेऊन बाहेर गेलो.

महिनाभर मी व्हिडिओ बघितले. शी! ते एकेक दाढीवाले! गालिचा अंथरलेली खोली, मागं भिंतभर गिटारी टांगलेल्या, वीस मिनिटं तोंडाची टकळी आणि शेवटी वाजवणार काय, तर दोन कॉर्ड. एक म्हणे, बटन दाबताना टक असा आवाज येतो, तो त्याला सहन होत नाही. अरे बाबा, आमच्या मंडईत एका बाजूला आकाशपाळण्याचा भोंगा, दुसऱ्या बाजूला जिलेबीवाल्याची आरडाओरड, तुझं टक ऐकतो कोण? एवढी नाकं मुरडली, पण एकूणएक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. आणि रात्रंदिवस चिंता कसली, तर त्या टकचीच.

त्यातलाच एक व्हिडिओ मी आमच्या शाहिराला दाखवला. पार्टी त्याची, गाडी त्याची. कायले दाखवला? फुशारकी, दुसरं काय. “पाहा, एकटा माणूस दोन गिटारींचं काम करते.” खर्रा चघळत त्यानं सगळा बघितला. यंदा पार्टीत नवी गाणारीण यायची होती, तिच्यासाठी गाडीत एक सीट त्याला हवी होती. पिचकारी मारून तो म्हणाला, “मंग मामाले कायले न्यायचं बे? त्याचा हात एकडाव भरून घे डबीत. जलमभर वाजवन.”

नाही म्हणायला काय लागत होतं? पण मी म्हणालो, “पाहू.” त्या ‘पाहू’ची मला अजून शिसारी येते.

बोर्डावरची जागा दोऱ्यानं मोजून, तो दोरा घेऊन नागपूरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं कौंटरवर दोन डब्या ठेवल्या. “तुमसर से? उधर भी पेडल चलता है क्या?” वाटलं, तिथंच थुंकावं. पण हावरटासारखा मी डब्या उलटसुलट करत राहिलो. पहिली लाईट गेली की सगळं विसरणारी. दुसरी वायर काढली तरी वाजवलेलं जपून ठेवणारी. म्हणजे पहिली घेतली असती तर दर गावी नव्यानं हात भरावा लागला असता, आणि भरायला मामाला न्यावंच लागलं असतं. शाहिराची बोलती बंद! इतकं सोपं होतं सगळं, आणि ते मला तिथं उभ्याउभ्या कळलं होतं.

पण पहिलीला वायरीच्या पिना दोन्ही बाजूंनी लागत होत्या. माझ्या दोऱ्यात ती अंगठाभरानं मावेना. मधला पेडल जरा सरकवला असता तर बसली असती, पण मग माझी ओळ वाकडी झाली असती. दुसरीच्या पिना वरून लागत होत्या, ती बरोब्बर बसत होती. मी दुसरी घेतली. मंडईत लाईट जाते म्हणून घेतली, असं मी घरी सांगितलं, पार्टीत सांगितलं, मामालाही सांगितलं. साफ खोटं. ओळ सरळ दिसावी म्हणून घेतली. थू माझ्या जिंदगानीवर!

हात भरायला बपेऱ्याला गेलो. मामाला वाटलं, फोटो काढतात तसलं काहीतरी असेल. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून सपरीत बसला होता. मामीनं कोंबड्या हाकलल्या, शेजारच्यांचा टीव्ही बंद करायला लावला. आमच्याकडं भाचा म्हणजे देव. मामा वयानं कितीही मोठा असो, तोच भाच्याच्या पाया पडतो. वाजवायच्या आधी मामा नेहमी पडायचा, तसाच त्या दिवशीही वाकला. चिखलानं भेगाळलेली त्याची बोटं माझ्या उजव्या पायाला लागली. आणि त्याच पायानं मी बटन दाबलं.

“झालं?”

“झालं.”

“एवढंच? अजून भरू काय भाचेबुवा? गवळणीचा हात अलग हाय, लावणीचा अलग.”

दुपारभर तो भरत राहिला. सदरा पाठीला चिकटला, मामीनं दोनदा चहा दिला, आणि मी पायानं टक, टक करत राहिलो. शेवटी गिटार खाली ठेवून तो म्हणाला, “म्हंजे आता मी नसलो तरी चालते.” आणि हसला. थट्टा करतोय अशी मी माझी समजूत करून घेतली. त्याला पार्टीत न घेण्याचा निरोप चार दिवसांनी शाहिरानंच फोनवर दिला. मी तेवढाही मर्द निघालो नाही.

भाऊबीजेनंतर बपेऱ्याची मंडई आली. मामा समोर, गावकऱ्यांत, सतरंजीवर बसलेला. मी डबी चालू केली आणि त्याचा हात भोंग्यातून वाजायला लागला. एरवी शाहीर तान लांबवायचा तेव्हा मामा दोन मात्रा थांबून राहायचा, ढोलकीवाल्याकडं बघायचा आणि मग परत उचलायचा. डबी कुणाकडं बघत नाही. ढोलकीवाला घामाघूम होऊन तिच्या मागं धावत होता, शाहिरानं तर तिसऱ्या गाण्यापासून तान लांबवणंच सोडलं. लोकांना काही कळलं नाही, त्यांनी शिट्ट्या मारल्या. मला त्यांचाही तिटकारा आला. मी मामाच्या मांडीकडं बघत होतो. त्याचा उजवा हात मांडीवर वाजत होता, आणि गवळणीत जिथं थांबायचं तिथं तो थांबला. डबी थांबली नाही. मग त्यानं हात सदऱ्याच्या खिशात घातला.

खेळ संपल्यावर तो स्टेजच्या मागं आला. आता शिव्या देईल असं वाटलं. द्याव्यात असं फार वाटत होतं. शाहीर गाडीत सामान भरून घेत होता, नवी गाणारीण मामाच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा होती. मामानं तिकडं पाहिलंच नाही. खाली बसून तो डबी निरखत राहिला.

“याच्यात किती दिस राहते?”

“पुसेपर्यंत, मामा.”

“पुसते कसं?”

“बटन पायानं दाबून धरायचं. दोन सेकंदात साफ होते.”

त्यानं सदऱ्याच्या टोकानं डबीवरची धूळ पुसली. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, “पुसजो नोको भाचेबुवा. पार्टीत आता तेवढाच राह्यलो मी.”