आडवं कुणी केलं?

रुग्णवाहिकेवरच्या लोकांनी आपल्यातल्या एकाचं नाव भोंगा ठेवलं होतं. हा असताना गाडीला वेगळा भोंगा कशाला, असं ड्रायव्हर म्हणायचा. आवाज दणदणीत, हात मात्र हलका. कुणाच्या घशात घास अडकलेला असो, की बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वास कोंडलेला असो, भोंगा वाट मोकळी करायचाच.

एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या एका शिंप्याच्या घरून फोन आला. शिंपी पलंगावर आडवा, ओठ निळे, छातीत घुरघुर, तोंडाला गुलाबी फेस. फुप्फुसांत पाणी भरलेलं. अशा माणसाला बसतं करायचं असतं; आडवा केला की तो आतल्या आत बुडायला लागतो.

"यांना आडवं कुणी केलं?" भोंगा ओरडला.

"मी," बायको म्हणाली. "फार दमले होते हो. म्हटलं, जरा पडा."

"अहो, जीव घेताय का त्यांचा!"

पुढे त्याने काहीच चुकवलं नाही. शिंप्याला बसवून पाय खाली सोडले, नळीने फेस ओढून काढला, ऑक्सिजनचा मास्क घट्ट धरून ठेवला. खुर्चीत बसवूनच जिना उतरवला. दवाखाना येईपर्यंत ओठांवर रंग आला होता. पण हृदय कधीचंच खचलेलं. त्याच आठवड्यात शिंपी गेला.

काही महिन्यांनी शिंप्याच्या मुलीने भोंग्याला दवाखान्याच्या दारात गाठलं. "आई पलंगाला पाठ टेकत नाही. बसूनच झोपते. म्हणते, मीच मारलं त्यांना. तुम्ही तरी समजावा."

तो त्याच संध्याकाळी गेला. शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती.

"काकू, त्यांचं हृदयच थकलं होतं. तुमच्यामुळे काही झालं नाही. डॉक्टरही तेच सांगतील. मी घाईत वाटेल ते बोललो. चुकलं माझं."

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला.

"तुम्ही भले आहात, म्हणून आज असं म्हणताय. पण तेव्हा तोंडून गेलं, तेच खरं. मला कळतं हो."

त्याने पुन्हा पुन्हा समजावलं. ती मान डोलवत राहिली, हट्टी नातवाचं मन राखावं तशी.

अजूनही तो अधूनमधून तिच्याकडे जातो. त्या विषयाला दोघंही हात लावत नाहीत. "आज कुणी वाचलं का?" एवढं ती न चुकता विचारते.

तो हो म्हणतो. एकदा कुणी वाचलं नव्हतं, तरी हो म्हणाला.