मॅडमचे राहून गेलेले ठिपके

चिखलीच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचे तेव्हाची गोष्ट. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, आणि मार्चमधल्या एका दुपारी मी लॅबच्या खिडक्यांना काळे पडदे लावून भिंतीकडे बघत बसले होते... अगदी रडकुंडीला येऊन.

आधी थोडं सांगते, कंटाळू नका. शिकताना आम्हाला ठासून सांगितलं होतं की स्फटिकातून किरण गेले की पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटते, पण तिला दहा पाकळ्या कधीच नसतात. मग कुणाला तरी एका मिश्रधातूत नेमक्या दहा पाकळ्या दिसल्या!

अशा पदार्थांना क्वासीक्रिस्टल म्हणायला लागले. आतली मांडणी शिस्तीची, पण पुन्हा पुन्हा तीच न येणारी... जाड आणि बारीक असे दोन तऱ्हेचे शंकरपाळे फट न ठेवता ताटभर मांडावेत आणि तरी सगळी नक्षी एका ठरावीक अंतराने परत येऊ नये, तशी.

मला त्याचं वेड लागलं. शंकरपाळ्यांच्या कोपऱ्यांवर ठिपके ठेवले तर त्यातून गेलेला प्रकाश कुठे आणि किती उजळ पडेल, याचं गणित मी कॅल्क्युलेटरवर करत बसायचे. कॉम्प्युटर आमच्याकडे नव्हता. आणि या विषयावर बोलायला माणूसही नव्हतं.

कॉम्प्युटरवाचून मी चालवून घेतलं, माणसावाचून नाही जमलं... स्टाफरूममध्ये विषय काढला की दोन मिनिटांत गाडी माझ्या लग्नावर यायची. संध्याकाळी भाड्याच्या खोलीचं कुलूप काढताना फार एकटं वाटायचं. मी ठरवून टाकलं होतं, एकदा गणित प्रयोगाशी ताडून बघायचं. नाही जुळलं तर हा नाद कायमचा सोडायचा.

प्रयोग तसा सोपा. ड्रॉइंग शीटवर काळ्या शाईने ठिपके काढायचे, त्या शीटची नखाएवढी निगेटिव्ह करून घ्यायची आणि तिच्यातून कॉलेजचा लेझर सोडायचा. निगेटिव्हसाठी बाजारातल्या फोटो स्टुडिओवाल्या गजाननभाऊंकडे गेले. लग्न-बारशाचे फोटो काढणारा सज्जन माणूस. आठवड्याने मी जाऊन निगेटिव्ह आणि गुंडाळलेली शीट घेऊन आले.

आणि त्या दुपारी भिंतीवर नुसता धुरकट लाल उजेड! मधेच चार ठिपके, तेही भलतीकडेच. गणित पुन्हा पहिल्यापासून केलं, चूक सापडेना. आधी गणिताला नावं ठेवली, मग स्वतःला.

शेवटी सगळं आवरून माळ्यावर टाकायला घेतलं. टाकण्याआधी एकदा शीट उलगडली... आणि बघतच राहिले. माझे ठिपके होते तिथेच होते, पण मधल्या मोकळ्या जागांत दुसरेच ठिपके! माझ्यापेक्षा गोल, सुबक.

तशीच तणतणत स्टुडिओ गाठला. गजाननभाऊ उलट खूष झाले. "दिसले का? मले वाटलं मॅडमचे ठिपके राहून गेले. आमच्या घरी ठिपक्याची रांगोळी काढतात, एक ठिपका राह्यला तं सगळी मोडते. तुमच्या रांगा सरळ येऊनच नाही राह्यल्या होत्या, म्हणून भरून देले."

फोटोतल्या नवरीच्या गालावरचे डाग ब्रशने घालवायची त्यांची रोजची सवय. तीच माझ्या शीटवर चालवली होती, न सांगता, न मागता. अख्खी दुपार भिंग लावून बसले होते म्हणे.

माझा राग कुठे गेला कळलंच नाही. त्या शीटकडे माझ्याशिवाय कुणी धड नजर टाकली नव्हती, आणि हा माणूस तिच्यावर दुपार घालवून बसला होता... चुकीचं का होईना.

इथे जागा रिकामीच पाहिजे, हे समजावल्यावर बिचारे ओशाळले. मग काउंटरवर शीट पसरून आम्ही दोघं बसलो. ते पांढऱ्या रंगाने एकेक ठिपका बुजवत होते आणि दर वेळी विचारत होते, "हा माहा का तुमचा?"

नवी निगेटिव्ह घेऊन एका दुपारी ते स्वतःच कॉलेजात आले. पडदे ओढले, लेझर सोडला... आणि भिंतीवर दहा ठिपक्यांचं कडं! त्याच्या आत एक कडं, बाहेर आणखी एक. गणितात होते तिथेच सगळे ठिपके. अंधार होता म्हणून बरं, माझे डोळे वाहत होते.

भाऊंनी भिंतीजवळ जाऊन कड्यातले ठिपके बोटाने मोजले. मग म्हणाले, "पण मॅडम, दहाच काऊन? आठ काऊन नाही?"

चिखलीत आल्यापासून ‘असंच का?’ असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता... मी पडदा बाजूला केला, खडू घेतला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. किती कळलं त्यांनाच ठाऊक, पण ते शेवटपर्यंत उठले नाहीत.

पुढे ते काम छापून आलं, ओळखीपाळखीच्यांनी कौतुकही केलं. पण मी पोटभर बोलले ती त्या दुपारी. भाऊ, तुमचे फार उपकार आहेत हो.