तिसऱ्या मजल्यावरची ऋता

ऋता,

पंचवीस वर्षांपूर्वी तू रोज दुपारी टीव्हीवर पोट कमी करायचा पट्टा विकायचीस. "फक्त पंधरा मिनिटं!" म्हणत जागच्या जागी धावायचीस, आणि आम्ही जेवून लोळत तुला बघायचो. पुढे रेल्वेतल्या नवऱ्याची इथे गार्डन रीचला बदली झाली आणि तू इथल्या मराठी मंडळात आलीस. गणपतीत सगळ्या बायकांना तसंच धावायला लावून घाम काढलास.

आता गुडघे गेले, इमारतीला लिफ्ट नाही. दोन वर्षांत तू खाली उतरलेली नाहीस, गणपतीलाही नाही. काठी घेतलीस तर उतरशील. पण खालचा बंगाली मिठाईवाला अजून तुला 'टीव्हीदीदी' म्हणतो ना!

तू मला म्हणालीस, "मीनाक्षीताई, सियालदहहून काठी आणा. पण कागदात गुंडाळून, कुणाला दिसता कामा नये."

"चोरीचा माल आहे का? उघडीच आणीन."

"मग आणूच नका."

"नाही आणत, जा!"

महिना झाला. तू खिडकीतून रस्ता बघत बसतेस. परवा मी सियालदहला काठ्यांच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभी होते. आत गेले नाही. कागदात गुंडाळायला सांगायचं की नाही, हेच माझं ठरेना.