टोफूसाठी फुलंब्रीपर्यंत

नाशिकहून बस सुटली तेव्हा माझ्या मांडीवर बर्फाची पिशवी होती आणि तिच्यात टोफूचे (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) चार ठोकळे. शेजारच्या गृहस्थांनी दोनदा वाकून पाहिलं. वेरूळला निघालेला माणूस सोबत टोफू नेत नाही, हे मलाही कळत होतं. पण नमनालाच घडाभर तेल नको. कारण सांगून टाकतो.

सुमनचं, म्हणजे माझ्या बायकोचं, पोटाचं एक ऑपरेशन झालंय आणि दुसरं व्हायचंय. वजन चार किलो वाढल्याशिवाय दुसरं करणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दूध तिला पचत नाही, अंडं-मांस ती खात नाही, डाळींचा तिला वीट आलेला. म्हणून टोफू, आणि तोही कमी तेलात. दीड महिना तो मीच तळत होतो. कधी तव्याला चिकटून भुगा व्हायचा, कधी चपलेच्या तळव्यासारखा चिवट. ती दोन घास खायची, "छान झालंय हो," म्हणायची आणि ताट बाजूला सारायची. वजनकाटा काही हलत नव्हता.

एके दिवशी ती सहज बोलून गेली, "वेरूळच्या बाईंनी केलं होतं, तसं असतं तर खाल्लं असतं." चार वर्षांपूर्वी लेणी पाहून आम्ही तिथं एका बाईंच्या घरी जेवलो होतो, टोफूही तिथंच पहिल्यांदा खाल्ला. पस्तीस वर्षं सगळ्यांना वाढून मागाहून जेवणाऱ्या सुमननं त्या घरात ताट पुढं करून विचारलं होतं, "अजून आहे का?" स्वतःसाठी तिनं काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही. शेजारच्या वहिनींना दोन दिवस तिच्याजवळ राहायला सांगितलं आणि मी निघालो.

पहिला मुक्काम छत्रपती संभाजीनगरात, भाचेसून मेघाकडे. ती शेंद्र्याला कारखान्यात नोकरी करते आणि तिथल्या कॅन्टीनमुळे टोफू तिच्या सवयीचा आहे. कामावरून येऊन, तोंड धुऊन, ती थेट ओट्याशी उभी राहिली. तिची रीत अशी: चौकोनी तुकडे मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवायचे, फडक्यावर कोरडे करायचे, कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवायचे आणि भरपूर तेलात तळायचे.

"मामा, तुम्ही हॉलमधे बसा ना," ती म्हणाली.

मी बसणारा माणूस नव्हे. शाळेत गणित शिकवताना मुलांच्या पाठीशी उभं राहून मी त्यांची बेरीज त्यांच्याआधी करायचो. तिची पाठ वळली तसे मी उरलेले ओले तुकडे कढईत सोडले. तेल फाडकन उडालं आणि मनगटावर टपोरा फोड आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मेघानं माझा हात नळाखाली धरला, रागावली नाही, आणि स्वतःचा घास बाजूला ठेवून पहिली बशी मला दिली. तुकडे कुरकुरीत होते, पण एवढं तेल सुमनला चालणार नव्हतं.

सकाळी वेरूळची बस धरली. दौलताबादचा किल्ला मागे पडला, घाट चढल्यावर हवा गार झाली, रस्त्याकडेला बायका पेरूच्या टोपल्या घेऊन बसलेल्या. घृष्णेश्वराच्या अलीकडं उतरलो आणि आठवणीनंच गल्ली शोधली. दाराला कुलूप.

समोरच्या चहावाल्यानं माझ्याकडं आणि माझ्या पिशवीकडं पाहिलं. "विमलताईला हुडकताय व्हय? ती नाय आता इथं. फुलंब्रीला गेली, लेकीच्या बाळंतपणाला."

मी त्याच्या बाकावर बसलोच. पिशवीतला बर्फ वितळत होता. त्यानं विचारलं नसतानाही मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं एक ठोकळा मागून घेतला, बेसनात बुडवून भजी काढली. वरून मस्त, आत मात्र टोफू बिचारा अळणीच. "आपल्याला भजीच येती साहेब," तो ओशाळून म्हणाला. मग हातातलं काम सोडून रस्त्यापर्यंत आला आणि खुलताबादमार्गे फुलंब्रीला जाणाऱ्या काळीपिवळीत (प्रवासी जीप) मला पुढची जागा मिळवून दिली. त्याचं नाव विचारायचं राहिलं, याची मला अजून चुटपुट लागते.

फुलंब्रीत घर सापडलं तेव्हा दुपार कलली होती. विमलताई अंगणात बाळाची दुपटी वाळत घालत होत्या.

"जय भीम," मी म्हणालो.

"जय भीम. या की." त्यांनी डोळे बारीक केले. "तुम्ही नाशिकचे. आन् त्या बाई, ज्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं त्या. त्या कुठंत?"

मी सुमनचं सगळं सांगितलं, तशी त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला आत ओट्याशी नेलं.

लेणी बघायला आलेल्या एका जपानी बाईंनी त्यांना हातवारे करून टोफू शिकवला होता. पुढचं सगळं विमलताईंचं. त्यांनी ठोकळा फडक्यात गुंडाळला, वर पोळपाट आणि त्यावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला.

"तांब्याचंच वजन. वरवंटा ठिवला तर चुरा व्हतो."

अर्ध्या तासानं फडकं चिंब झालं. त्यांनी बोटाएवढे लांब तुकडे कापले, मीठ लावलं आणि ज्वारीच्या पिठात हलकेच लोळवले. लोखंडी तवा चांगला तापल्यावर दोन चमचे तेल फिरवून तुकडे मांडले. मिनिटभरानं माझा हात उलथन्याकडं गेला.

"काहून टोचताय? ऱ्हाऊ द्या!" त्यांनी उलथनं काढून घेतलं. "भाकर कच्ची उलथली तर फाटतीच ना? खालून पापडी धरली की ते आपसुक सुटतंय."

आणि खरंच, थोड्या वेळानं तवा हलवला तसे तुकडे घसरले. चारी बाजू तांबूस झाल्यावर गॅस बंद करून त्यांनी वर येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ) भुरभुरलं. आधी घातलं तर करपतं. मी एक तुकडा तोंडात टाकला. तीच चव, चार वर्षांपूर्वीची.

"त्या जेवताना तुम्ही कुठं बसता?" त्यांनी विचारलं.

"समोरच. किती खाल्लं ते बघतो."

"मंग घास कसा उतरल त्यांना? बाहेर जात जा की जरा."

निघताना त्यांनी येसराचा डबा माझ्या पिशवीत कोंबला. मी नको म्हणालो, तर म्हणाल्या, "आमच्याकडं लेक सासरी निघाली की येसर देत्यात. तुमच्यासाठी नाय ते." रस्त्यावर येईपर्यंत मला नीट दिसत नव्हतं. या मुलखानं मला दोन दिवस काही न मागता जेवू घातलं होतं, आणि मी कोण, कुठला, तर एक उतावळा म्हातारा.

घरी आलो त्या दुपारी पोळपाट, तांब्या, तवा, सगळं तसंच केलं. हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. पहिला तुकडा मोडला, कारण हात सुटलेच एकदा. बाकीचे आपसुक सुटले. ताट सुमनपुढं ठेवलं, येसर कुणी दिलं ते सांगितलं, आणि गॅलरीत जाऊन तिच्याकडं पाठ करून उभा राहिलो. एवढं अवघड काम मी शाळेतही केलं नव्हतं.

खाली कुणीतरी स्कूटर पुसत होतं. मनगटावरच्या फोडाची सालं निघत होती. मला मेघा आठवली, तो बिननावाचा चहावाला आठवला. आतून कुरुम असा बारीक आवाज आला. मग आणखी एक. मी मोजायला लागलो, आणि स्वतःवरच चिडून थांबलो.

"अहो," सुमनची हाक आली, "अजून आहे का?"