विमानावरची काजळी

दादा गेल्याचा फोन घोटीच्या पोस्टात आला आणि पोस्टाचा शिपाई निरोप घेऊन मी शिकवत होते त्या वर्गाच्या दारात उभा राहिला. नाशिकच्या एसटीत बसले तरी मला खरं वाटेना. पन्नाशीही न उलटलेला धडधाकट माणूस, सातपूरच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर बसल्या बसल्या गेला... दीड महिना झाला, अजून मला त्याचा राग येतो. असं न सांगता जातात का कुणी?

दादाचा जीव विमानांत. लढाऊ विमानांची प्लास्टिकची किट आमचा आतेभाऊ लंडनहून आणायचा आणि दादा ती महिनोन्‌महिने जोडत बसायचा. रंग कुंचल्याने द्यायचा नाही, पेनाएवढ्या एअरब्रशने फवारायचा. त्याला दाबाची हवा लागते, पण हवेचा कॉम्प्रेसर परवडणार कुठला? मग पंक्चरवाल्याकडून मोटारची जुनी ट्यूब टम्म भरून घ्यायची आणि गळ्यात घालून गल्लीतून यायचं. वहिनी म्हणायची, "आली बघा वरात!" अर्ध्या पंखावर हवा संपली की पुन्हा पंक्चरवाला.

पण त्याचा खरा अभिमान वेगळाच. विमान नवंकोरं दिसलं की त्याला ते खेळणं वाटायचं. म्हणून तोफांच्या तोंडाशी आणि मागे धूर सुटतो तिथे तो काळा रंग इतका विरळ फवारायचा की हात लावला तर बोटाला काजळी लागेल असं वाटावं.

समोरच्या पगारेबाईंचा मिलिंद हवाई दलात वैमानिक होता. सरावाच्या उड्डाणात त्याचं विमान पेटलं आणि कोसळलं. पेटी आली ती बंदच. बाईंना उघडू दिली नाही. वर्षभराने बाई स्वतःच दादाला म्हणाल्या, "भाऊ, त्याचं विमान करून द्या मला." दादा सगळा पावसाळा त्यावर खपला. शेपटीवर मिलिंदच्या विमानाचा नंबरसुद्धा घातला. बाई न्यायला आल्या तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी विमान हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि मागच्या काळ्या डागांवर त्यांचा अंगठा थांबला.

"इथूनच पेटलं का?"

नेहमीच्या धुराचे डाग आहेत, असं दादाने सांगितलं खरं, पण कसंबसं... दुसऱ्या दिवशी तो विमान परत मागायला गेला. "द्या बाई, स्वच्छ रंगवून आणतो." बाई म्हणाल्या, "नको. एकदा घरी आलाय तो. आता बाहेर नाही पाठवणार."

तेव्हापासून दादा घुमा झाला. समोरची खिडकी उघडीना. बाई भेटल्या की हसून बोलायच्या आणि तेच त्याला सोसायचं नाही. "आईच्या हातात मी काय दिलं गं," असं मला किती वेळा म्हणाला असेल. मी आपली म्हणायचे, "किती मनाला लावून घेशील!" दुसरं काय बोलणार होते मी?

तेराव्यानंतर वहिनीने आणि मी त्याचं कपाट उघडलं. आत तसंच विमान, तोच नंबर, पण लख्ख. एक डाग नाही. कधी केलं देव जाणे, द्यायचा धीर मात्र झाला नव्हता. आम्हीच ते बाईंकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि हलकेच वहिनीच्या हातात परत ठेवलं.

"माझा ज्यात गेला ते आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "हे कुणाचंच नाही गं."

वहिनीने ते पदराखाली धरून घरी आणलं, दादाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मग हे ह्यांचं."

रोज सकाळी ती ते पुसते. पुसण्यासारखं त्यावर काहीच नसतं.