टमरेल आणि निसर्गवाट

उमरग्याबाहेरच्या माळावर सरकारनं झाडं लावली, आणि ती चक्क जगली. मग त्यातून सपाट पायवाट काढली, कमान उभारली, पाटी लावली: निसर्गवाट. झालं! सगळं गाव ट्रॅकपँट घालून निसर्ग बघायला निघालं. कमानीपर्यंत मोटरसायकलवर.

आम्हा बायकांना त्या माळाचं कौतुक कोण सांगतंय? घरात संडास नव्हते तेव्हा रोज पहाटे आम्ही तिथंच जायचो, जीव मुठीत धरून. ते दिवस परत नकोच, बाई! पण माझ्या सासूबाईंना, मी त्यांना आत्या म्हणते, पलीकडच्या गल्लीतली जिवाभावाची मैत्रीण तेवढ्याच वेळात भेटायची. संडास बांधला आणि भेट तुटली. काही काम नसताना दुसऱ्याच्या दारात जायचं कसं? आत्या गप गप राहायला लागल्या. मला बघवेना.

मी त्यांच्या मैत्रिणीला निसर्गवाटेवर यायचा निरोप धाडला आणि आत्यांना घेऊन निघाले. प्रत्येक ओट्यावरून तोच सवाल, "कुठं निघालाव, काकू?" फिरायला म्हणायची आत्यांना इतकी लाज वाटली की म्हणाल्या, "दळण टाकायला." हातात डबा नाही अन् तोंड माळाकडं! कोपऱ्यावरूनच माघारी आलो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप धाडून बघते तर आत्या दारात तयार. हातात जुनं टमरेल.

"अहो आत्या, घरात असताना..."

"गप चल गं."

आणि काय सांगू! एकानं विचारलं नाही. ओट्यावरच्यांनी पेपरात तोंडं घातली. वाट अडवून तब्येतीवर भाषणं ठोकणारे ट्रॅकपँटवाले टमरेल बघून पटापट बाजूला झाले. लिंबाखालच्या बाकड्यावर मैत्रीण आधीच बसलेली, तिच्याही हातात टमरेल! दोघी खो खो हसल्या. मग जोडीनं सुनांना नावं ठेवायला बसल्या. मी शेजारीच होते, पण त्याचं त्यांना काय?

रोजचंच झालं ते. शेवटी कुणीतरी आमच्या मास्तरांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कानावर घातलं. ते तणतणतच घरी आले.

"आई, माझी इज्जत घालवतीस का? फरशी बसवलेला संडास हाय घरात!"

आत्यांनी टमरेल धुऊन पालथं घातलं.

"लई चांगला हाय रं बाबा. पण त्यात एकटीलाच बसावं लागतंय."