नकाराची नोंद

ती सहा महिन्यांची असताना मी पहिल्यांदा तिचं वजन केलं. खालापूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला त्यांची वाडी होती, डांबरी रस्ता संपल्यावर अर्धा तास चालायचं. मी कर्जतची सून, डी.एड. झालेली आणि नोकरी नसलेली. माझी मुलगीही तेव्हा पाळण्यात होती. गरिबीत मुलं कशी वाढतात याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेला घरोघर जाऊन माहिती भरणारी माणसं हवी होती. तीच मुलं, दर तीन-चार वर्षांनी तेच प्रश्न, मुलं मोठी होईपर्यंत. मला वाटलं, वर्षभर हे करू, मग कुठल्यातरी शाळेत चिकटू. तसं काही झालं नाही.

प्रत्येक घरात आधी एक पान वाचून दाखवायचं. तुमची माहिती गुप्त राहील, कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, संपूर्ण मुलाखतीलाच नाही म्हणालात तरी चालेल, तुमचं काही नुकसान होणार नाही. वाडीवरच्या त्या मुलीची आई दर वेळी हात जोडून ते ऐकायची, पूजेला बसल्यासारखी, आणि म्हणायची, "इचारा बाई." मग छप्पर कशाचं, पाणी कुठून, काल मुलांनी किती वेळा खाल्लं, हे सुरू व्हायचं. तिची उत्तरं कधी फारशी बदलली नाहीत. माझे प्रश्न तर संस्थेनेच बदलू दिले नसते.

ती आठ वर्षांची असताना घर बंद होतं. दिवाळीनंतर सगळे वीटभट्टीवर गेले होते, तिथे जाऊन मी तिची उंची मोजली. बाराव्या वर्षी ती आश्रमशाळेत होती, तिने मला इंग्रजीतल्या दोन कविता पाठ म्हणून दाखवल्या आणि मला त्यातलं काय येतं ते विचारलं.

पंधराव्या वर्षी मात्र मी गेले तेव्हा ती घरीच होती. आई सहा महिने आजारी, धाकट्या भावंडांकडे बघायला कोणी नाही, म्हणून ती शाळेतून आली होती आणि परत गेली नव्हती. आता आई बरी होती, पण इतके दिवस गैरहजर राहिल्यावर शाळा घेईल की नाही याची दोघींनाही भीती वाटत होती. मुलाखत संपल्यावर ती मला ओढ्यापर्यंत सोडायला आली.

"बाई, शाळंत एक फोन कराल का? तुमचं ऐकतील."

मी बघते म्हणाले. वाटेतच आमच्या सुपरवायझरना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, आपण नोंद घ्यायची. एका घरात ढवळाढवळ केली की ते घर बाकीच्या घरांसारखं राहत नाही. मग इतक्या वर्षांच्या कामाला काय अर्थ?" ते माणूस म्हणून वाईट नव्हते, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असंही मला आजवर ठामपणे म्हणता आलेलं नाही.

पण नियमाच्या आड लपण्यात अर्थ नाही. संस्थेचं नाव न घेता, घरी बसून, माझ्या फोनवरून मी तो फोन करू शकले असते. त्या दिवशी शेवटची एसटी चुकेल म्हणून मी घाईत होते. दुसऱ्या दिवशी दुसरं घर होतं. आठवड्यानंतर फोन करायची लाज वाटायला लागली, आणि महिन्यानंतर मी तो विषय मनातून काढून टाकला. फॉर्मवर शाळा सोडण्याच्या कारणापुढे 'घरातली जबाबदारी' यावर खूण केली होती. ते खोटं नव्हतं.

मधली एक फेरी करोनामुळे झालीच नाही. यंदाची फेरी शेवटची. ती आता बावीस वर्षांची आहे. वाडीवर गेले तर दाराला बाहेरून कडी. शेजारणीने सांगितलं, आई मोहोपाड्याला कॉलनीत घरकामं करते. मोहोपाड्याला दोन चकरा झाल्यावर आई भेटली. खूप वाळली होती. मला बघून हसली, पायरीवर जागा करून दिली आणि म्हणाली, "ती वर माथेरानला हाय. हॉटेलात. चार वर्षं झाली."

नेरळहून दस्तुरीपर्यंत टॅक्सी, पुढे गाड्यांना बंदी म्हणून चाल. माझे गुडघे आता चढाला साथ देत नाहीत, त्यात पाठीवर वजनकाटा. घोडेवाले दर वळणावर विचारत होते. हॉटेल सापडलं तेव्हा दुपार झाली होती. ती मागच्या बाजूला दोरीवरच्या चादरी काढत होती. मी हाक मारायच्या आधीच तिने ओळखलं.

"बाई, चढून आलात? बसा."

पाणी दिलं. मी टॅबलेट काढला आणि सवयीने पहिलं पान वाचायला लागले. ती उभीच होती. माझं वाचून झाल्यावर म्हणाली, "त्यात लिवलंय ना, नाय म्हणालं तरी चालतं?"

"हो."

"मग मी नाय म्हणते."

इतक्या वर्षांत इतक्या घरांत मी ते वाचलं, पण त्याचा असा कोणी उपयोग केला नव्हता. मी विचारलं, "त्या फोनचा राग आहे का गं?"

तिने चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा जरा. चारला गेस्ट येतील." आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून घड्या घालायला लागलो. दोन चादरी झाल्यावर ती म्हणाली, "तुमी केलाच नव्हता ना फोन?"

"नाही केला."

"मला वाटलंच. आई म्हणायची, बाईंनी केला असंल, शाळेनंच ऐकलं नसंल. अजून तेच म्हणते." तिने दोरीवरची पुढची चादर ओढली. "राग व्हता. आता नाय. आता कटाळा आलाय. छप्पर कसलं, काय खाल्लं, किती शिकली. मी सांगायचं, तुमी लिवायचं. मला नाय सांगायचं आता."

"बरं," मी म्हणाले. टॅबलेट पिशवीत ठेवला.

मग तिनेच विचारलं, "तुमची पोरगी माझ्याएवढीच ना? काय करते?"

मी कधीतरी, ती लहान असताना, बोलता बोलता सांगितलं असेल. मला आठवतही नव्हतं. मी सांगितलं, शिकली, वाशीला नोकरी करते, मैत्रिणींबरोबर राहते, महिन्यातून एकदा घरी येते आणि आली की झोपून असते. ती हसली. "दमत असंल." मग तिनेही बरंच सांगितलं. वरच्या दहा खोल्यांचं काम तिच्याकडे आहे, हाताखाली दोन बायका आहेत. घोडे सांभाळणाऱ्या एका मुलाशी लग्न करायचं चाललं आहे, आईला अजून सांगितलेलं नाही. पावसाळ्यात इथे फार थंडी वाजते. हे सगळं फॉर्ममध्ये कुठे ना कुठे बसलं असतं. मी काहीच लिहिलं नाही. चादरी संपल्या, तिने चहा आणला, मी प्यायले आणि निघाले. वजनकाटा तिने दस्तुरीपर्यंत आणून दिला.

संध्याकाळी सुपरवायझरचा फोन आला. "जरा समजवायचं ना, मॅडम. बावीस वर्षांची माहिती आहे, शेवटच्याच फेरीला गळाली तर कसं? पुन्हा एकदा जाऊन बघा."

"तिने नीट विचार करून सांगितलंय, सर. मी परत जाणार नाही."

"मग कारण काय टाकू?"

यादीत चारच कारणं होती. वेळ नाही, घरच्यांचा विरोध, गाव सोडलं, इतर. मी 'इतर' म्हणाले. "इतरमध्ये काय?" त्यांनी विचारलं. मी थोडा विचार केला, पण जे काही सुचत होतं ते त्या एका ओळीत मावणारं नव्हतं, आणि काही तर माझ्याबद्दल होतं. "काही नको," मी म्हणाले. "रिकामं ठेवा."

त्यांनी ठेवलं असावं. माझ्या यादीतली चार घरं अजून उरली होती, तीन खालापूरकडची आणि एक कर्जतमधलंच. पुढच्या दोन आठवड्यांत ती पूर्ण केली. सगळ्यांनी उत्तरं दिली. एका घरी बाळ झालं होतं, त्याची आई म्हणाली, काटा आणलाच आहे तर याचंपण वजन करा. ते बाळ आमच्या अभ्यासात नव्हतं. मी वजन केलं, तिला सांगितलं, आणि घरी येऊन पाय शेकत बसले.